धाटावला बघायला काय आहे?

रोहा स्टेशनाबाहेर मिनिडोरवाल्याला ‘धाटाव’ असं सांगितलं की तो आधी तुमच्या हाताकडे बघतो. हातात फाइल असेल तर तुम्ही नोकरीच्या मुलाखतीला आलात, डबा असेल तर पाळीवर निघालात, आणि चामड्याची बॅग असेल तर तुम्ही कुठल्यातरी कंपनीचे साहेब. हात मोकळे असले आणि तुम्ही म्हणालात, ‘सहज आलोय, गाव बघायला,’ तर गाडी सुरू करण्याआधी तो एकदा वळून विचारणारच, ‘धाटावला? बघायला?’

त्याचं काही चुकत नाही. धाटाव म्हणजे एमआयडीसी. रायगड जिल्ह्याच्या रोहा तालुक्यात, रोह्याहून कोलाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कुंडलिका नदीच्या काठाशी असलेली रासायनिक कारखान्यांची वसाहत. इथं रंग तयार होतात, औषधांचा कच्चा माल होतो, शेतीची औषधं होतात. मी जन्मलो पलीकडच्या अष्टमीत, बी.ए. झालो, आणि धाटावच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये चिकटलो तो आजवर. पावत्या फाडणं हा व्यवसाय आणि त्या पावत्यांच्या पाठीवर कविता लिहिणं हा छंद. तेव्हा ‘धाटावला बघायला काय आहे?’ हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेलाय तितक्या वेळा तो क्वचितच कुणाला विचारला गेला असेल. मी पूर्वी ओशाळून ‘काही नाही हो’ म्हणायचो. ती सवय मोडली ती एका सुदानी माणसामुळे.

आमच्या कोकणी मुसलमानांच्या मोहल्ल्यात आखातात गेलेला माणूस शोधावा लागत नाही. माझा पुतण्या दम्मामला होता. त्याच्या खोलीत सुदानमधले एक वयस्क गृहस्थ राहायचे, अतबरा गावचे. मी नकाशात पाहिलं. खार्तुमच्या उत्तरेला, नाईल नदीला अतबरा नावाची नदी मिळते तिथं हे गाव आहे, आणि ते ओळखलं जातं रेल्वेमुळे. सुदानच्या रेल्वेचं मुख्य ठाणं तिथं. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर कारखान्याचं गाव, धाटावचाच भाऊबंद. पुतण्यानं त्यांना सहज विचारलं, ‘चाचा, तुमच्या गावात बघायला काय आहे?’ ते म्हणाले, ‘बघायला काही नाही, करायला पुष्कळ आहे. झाडाखाली चहावाली बसते, तिच्यासमोरच्या स्टुलावर बसायचं. मग पुलावर जायचं आणि पाणी बघायचं. मग आमच्या घरी जेवायचं.’ पुतण्यानं हे मला फोनवर हसत हसत सांगितलं. मी काही हसलो नाही. पुढे २०२३ च्या एप्रिलमध्ये त्या देशात युद्ध पेटलं. तेव्हापासून सुदानचं नाव बातम्यांत आलं की मी कधीच न प्यायलेला तो चहा मला आठवतो.

तर धाटावला आलेल्या पाहुण्यानं काय करायचं, हे मी आज सांगणार आहे. आणि ते माझ्या एका पाहुण्याच्या निमित्तानं सांगतो, म्हणजे मला सोपं जाईल.

हा पाहुणा माझा लातूरचा कवी मित्र. तोही मराठीत लिहिणारा मुसलमान. त्याच्या घरात दखनी बोलतात, आमच्या घरात कोकणी, त्यामुळे आम्हा दोघांना एकमेकांशी बोलायला मराठीच सोयीची. २०१६ च्या मे महिन्यात मुंबईत एक कविसंमेलन होतं, ते आटोपून तो दिव्याहून रोह्याची गाडी पकडून आमच्याकडे आला. ते वर्ष तुमच्या लक्षात असेल. लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनं पाणी नेत होते. एप्रिलमध्ये पहिली गाडी पोचली, त्याचे फोटो सगळ्या पेपरांत आले होते. त्या गावचा माणूस आमच्या दारात उभा.

सकाळी बायकोनं त्याच्यासाठी बादलीभर पाणी काढून ठेवलं. तो अंघोळ करून आला आणि बादली पाऊण भरलेली. बायकोला वाटलं, पाणी फार गरम झालं असेल. तिनं विचारलं तर तो म्हणाला, ‘नाही भाभी, सवय झालीय.’ बायको काही बोलली नाही, पण नंतर मोरीतला तोच तांब्या ती बराच वेळ घासत बसली होती.

नाश्त्याला तांदळाची भाकरी आणि सुकट. ज्वारीवर वाढलेला माणूस, भाकरी तोडताना म्हणाला, ‘ही भाकरी आहे का रुमाल?’ खाल्ल्या मात्र चार.

मग मी त्याला रोह्याच्या पुलावर घेऊन गेलो. एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला अष्टमी, नगरपालिका दोघांची एकच. तो कठड्याला रेलून खाली बघत राहिला.

‘मे महिना आहे ना रे?’ त्यानं विचारलं.

‘हो की.’

‘आणि नदी वाहते?’

‘वाहते की.’

‘वाहते की म्हणजे काय? हे पाणी येतं कुठून?’

कोकणाबद्दल बाहेरच्या लोकांचा एक समज असतो, की इथं पाणीच पाणी. खरी गोष्ट वेगळी आहे. रोह्याला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत पडतो आणि उतारावरून धावत समुद्रात जातो. मार्च संपला की कोकणातल्या कितीतरी नद्यांत नुसते गोटे उरतात, आणि वरच्या वाड्यांतून बाया हंडे घेऊन डोंगर उतरतात. कुंडलिका मे महिन्यात वाहते याचं कारण कोकणचा पाऊस नाही. ते कारण बघायचं तर नदीच्या उलट्या दिशेनं वर जायला हवं. मी शेजारच्या मुलाची मारुती व्हॅन मागून घेतली. धाटावला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी हेच सांगतो: पहिला दिवस नदीला द्या, आणि वरून खाली या.

कोलाडला मुंबई-गोवा महामार्ग ओलांडून आम्ही भिऱ्याच्या रस्त्याला लागलो. वाटेत नदीवर सकाळी सकाळी मोठी गर्दी. रबरी तराफे, हेल्मेटं, पिवळी-नारंगी जाकिटं घातलेली मुंबई-पुण्याची मुलं. याला राफ्टिंग म्हणतात, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. साधारण बारा-तेरा किलोमीटरचा हा पट्टा. हिमालयातल्या नद्यांसारखा अंगावर येणारा नाही, पण नवख्याला ओरडायला पुरेसा. याची गंमत अशी, की हे सगळं एका वेळापत्रकावर चालतं. वर वीजघरातून पाणी सुटलं की नदी फुगते, तराफे निघतात. पाणी सुटलं नाही तर त्या दिवशी राफ्टिंग नाही. म्हणून आधी चौकशी करून यावं, आणि सकाळी लवकर यावं. दुसरं सांगायचं म्हणजे, कोरडे दगड बघून नदीच्या मधोमध डबे उघडून बसू नका. पाणी चढतं ते हां-हां म्हणता चढतं. आमच्या भागात ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, पाहुण्याला नसते.

माझ्या मित्रानं तराफ्यात बसायला साफ नकार दिला. म्हणाला, ‘पाण्यावर पैसे देऊन आरडाओरडा करणं मला जमणार नाही. आमच्याकडे पाण्यावरून फुकट होतो.’

भिरा. सह्याद्रीची भिंत अगदी समोर आणि तिच्या अंगावरून खाली आलेले जाडजूड नळ. वीजघर आत जाऊन बघायचं तर परवानगी लागते, ती सहजी मिळत नाही; पण बाहेरून जे दिसतं ते पुरेसं आहे. इथूनच देवकुंड धबधब्याची वाट जाते. त्याची अलीकडे फार ख्याती झाली आहे, आणि पावसाळ्यात तिथं जायला प्रशासन बहुतेक वर्षी बंदी घालतं. ती बंदी पाळावी. मला स्वतःला देवकुंडपेक्षा ते नळ जास्त बघण्यासारखे वाटतात. का, ते सांगतो.

या डोंगराच्या माथ्यापलीकडे पुणे जिल्ह्यातलं मुळशी धरण आहे. ते आहे मुळा नदीवर. मुळा पुण्यात मुठेला मिळते, ते पाणी पुढे भीमेला जातं, भीमा उजनीवरून पंढरपूरला, तिथून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला. म्हणजे त्या खोऱ्यात पडलेला पाऊस हजारो वर्षं पूर्वेकडे जात होता. टाटांच्या वीज कंपनीनं काय केलं, तर ते पाणी धरणात अडवलं, बोगद्यातून डोंगराच्या पश्चिम कड्याशी आणलं, आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली सोडलं. इतक्या उंचीवरून कोसळणाऱ्या पाण्यानं भिऱ्याच्या वीजघरातली चाकं फिरू लागली. साल १९२७. वीज गेली मुंबईला. चाकं फिरवून झालेलं पाणी काही पुन्हा डोंगर चढून जाणार नव्हतं, ते कुंडलिकेत सोडलं. अजूनही तसंच चालतं. पुढे याच उतरत्या पाण्यावर खाली रवाळज्याला सरकारनं ऐंशी मेगावॉटचं आणखी एक वीजघर बांधलं. एकच पाणी दोनदा राबतं आणि मग तराफे वाहतं.

हे झालं यंत्रशास्त्र. पण त्या धरणाखाली मावळ्यांची गावं होती, भातखाचरं होती, देवळं होती. ती वाचवायला १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांचं नाव त्यानंतरच पडलं. धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी उभारलेला या देशातला हा अगदी सुरुवातीचा लढा. तीनेक वर्षं चालला, लोक तुरुंगात गेले, बायका-मुलं गेली. लढा हरला. गावं पाण्याखाली गेली. शाळेच्या पुस्तकात आम्ही हे दोन ओळींत शिकलो. आपल्या घराजवळून वाहणारं पाणी तेच आहे, हे मात्र कुठल्या मास्तरांनी सांगितलं नाही. मला ते कळलं वयाच्या तिशीत, स्टोअरमध्ये रात्रपाळीला बसून एक जुनं पुस्तक वाचताना.

मित्र नळांकडे बघत उभा होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, ‘म्हणजे हे पाणी तुमचं नाहीच.’

‘नाही.’

‘आमचंही नाही म्हणा. लातूर पडलं मांजरेवर, गोदावरीच्या खोऱ्यात. पण उजनीचं पाणी लातूरला आणा म्हणून आम्ही किती वर्षं ओरडतोय. आणि उजनीत येऊ शकणारं पाणी इथून समुद्रात चाललंय.’

टाटांच्या धरणांतलं पाणी पश्चिमेला न सोडता पुन्हा भीमेच्या खोऱ्यात वळवावं, ही मागणी काही त्याच्या एकट्याच्या मनातली नाही. गेली कित्येक वर्षं ती होते आहे, दुष्काळ पडला की जोर धरते. त्या दिवशी मी त्याला उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायच्या आधी त्याला खालची नदी दाखवायची होती.

परतताना आम्ही कोलाडच्या अलीकडे डोलवहालच्या बंधाऱ्यावर थांबलो. इथं हे पाणी अडतं आणि वाटलं जातं. कालव्यांना जातं, कालव्याला पाणी सुटलं तर आमच्याकडे उन्हाळी भात होतो. काठच्या गावांच्या पाणीयोजनांना जातं. आणि एमआयडीसीला जातं. संध्याकाळी बंधाऱ्याच्या भिंतीवर बसायला छान वाटतं, बगळे असतात, वारा असतो. पण माझ्या मित्राचं लक्ष वेगळीकडे होतं. तो बोटांवर मोजत होता. वीज, राफ्टिंग, भात, प्यायचं पाणी, कारखाने. ‘हे सगळं त्या एका नळावर?’ म्हणाला. मी म्हटलं, ‘आणि माझा पगार.’

धाटावला पोचलो तेव्हा दुपारची पाळी सुटत होती. पाहुण्यानं धाटावात करायची गोष्ट ही: पाळी बदलायच्या वेळेला नाक्यावरच्या टपरीवर कटिंग घेऊन उभं राहायचं. सुदानी चाचांच्या चहावालीची ही आमची बहीण. भोंगा होतो, फाटकं उघडतात, आणि माणसांचा लोंढा बाहेर पडतो. आसपासच्या गावांतले आगरी, कुणबी, मराठे, आमचे लोक, आदिवासी वाड्यांवरची मुलं, आणि उत्तर प्रदेश-बिहारहून आलेले कंत्राटी कामगार. कोण कुठल्या खात्यातला, हे सांगावं लागत नाही. रंगाच्या खात्यातला माणूस साबणानं कितीही घासला तरी कानामागे निळा राहतो. एके काळी आमच्या मोहल्ल्यातल्या लग्नात एका ओळीत निळा, तांबडा आणि पिवळा असे तीन कान मी पाहिले आहेत. आता हातमोजे, मुखवटे आले, कान बरेच स्वच्छ झाले.

वासाबद्दल बोलायला हवं. धाटावला वास आहे. वारा फिरला की तो बदलतो. जुने कामगार डोळे मिटून सांगतात, आज अमुक प्लांट चालू आहे. कारखान्यांचं सांडपाणी सामुदायिक प्रक्रिया केंद्रात जातं आणि तिथून खाली खाडीच्या बाजूला सोडलं जातं. तरीही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नद्यांच्या यादीत कुंडलिकेचं नाव होतं. माझे अब्बा अष्टमीच्या काठावर गळ टाकून बसायचे, आणि रिकाम्या हातानं क्वचितच घरी यायचे. मी त्या काठावर गळ टाकत नाही. माझ्या नोकरीवर माझी मुलं शिकली, हेही खरं. दोन्ही खरं आहे आणि पाहुण्याला मी दोन्ही सांगतो. वर तराफ्यातून ओरडत जाणारी मुलं आणि खाली मासळीची वाट बघणारा कोळी, या दोघांमध्ये जे अंतर आहे त्यात धाटाव आहे.

मित्रानं तेव्हा तो प्रश्न विचारला, जो मला अपेक्षित होता. ‘समजा, हे पाणी वळवलं उजनीला. तर?’

मी त्याला नाक्यावरची माणसं दाखवली. कालवे कोरडे पडतील. काठच्या गावांच्या विहिरींचं काय होईल ते सांगायला नको. आणि प्रक्रिया केलेलं सांडपाणी ज्या वाहत्या पाण्यात मिसळून पातळ होतं, ते पाणीच आटलं तर उन्हाळ्यात नदीत काय उरेल? त्यानं मान हलवली. पण मी त्याला असंही म्हटलं, की तुझ्या जागी मी असतो तर मीही हे पाणी मागितलं असतं. त्यावर आम्ही दुसरा चहा घेतला. वाद काही मिटला नाही.

रोहा शहर दुसऱ्या दिवशी. इथं खरोखर बघण्यासारखं आहे, पण त्यावर फलक नाहीत. चिंतामणराव देशमुखांचं बालपण या गावात गेलं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर देशाचे अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे मराठी माणसाला सांगायची गरज नाही. पण आयसीएस झालेल्या, नोटांवर सही करणाऱ्या या माणसानं कालिदासाचं मेघदूत मराठीत आणलं, हे सांगितलं की पाहुणे चमकतात. आम्हा पावत्यांवर कविता लिहिणाऱ्यांना त्याचा मोठा आधार वाटतो. स्वाध्याय परिवाराचे पांडुरंगशास्त्री आठवले यांचाही जन्म इथलाच, १९२० सालचा.

आणि धावीर महाराज. हे रोह्याचं ग्रामदैवत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांची पालखी निघते तेव्हा पोलीस बंदुका घेऊन रांगेत उभे राहतात आणि देवाला सशस्त्र मानवंदना देतात. इंग्रजांच्या काळापासूनची ही रीत. लहानपणी मी ती बघायला अब्बांच्या खांद्यावर बसून गेलो होतो. पोलिसांनी बंदुका उचलल्या तेव्हा घाबरून त्यांचे केस ओढले, ते त्यांनी मला पुढे वीस वर्षं ऐकवलं. रोह्याला यायचं तर दसऱ्याला जोडून या; पालखी गावभर फिरते, आणि ती रात्र गाव झोपत नाही.

ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी अवचितगड चढावा. रोह्याच्या उत्तरेला जंगलातला हा किल्ला, मेढ्याहून किंवा पिंगळसईहून वाट आहे. वर बारा कोनांचं एक सुरेख तळं आहे, आणि बुरुजावर शके १७१८ चा, म्हणजे इसवी सन १७९६ चा शिलालेख. पण मी माणसांना वर पाठवतो ते दुसऱ्याच कारणासाठी. वरून कुंडलिका खोऱ्यासकट दिसते: शेतं, धाटावची धुरांडी, पूल, आणि समुद्राकडे सरकत जाणारी खाडी. पायथ्याशी राहून जे तुकड्यातुकड्यानं कळतं ते इथं एका नजरेत येतं. तीच गोष्ट घोसाळगडाची आणि तळागडाची, तेही जवळच आहेत. कुड्याची बौद्ध लेणी तळ्याच्या पुढे, मांदाडजवळ. सव्वीस लेणी, खाडीकडे तोंड करून. तिथं दुपारी गेलात तर बहुधा तुम्ही एकटेच असाल.

पुण्या-मुंबईकडून मोटारीनं येणार असाल तर नागोठण्याला पाच मिनिटं उतरा. अंबा नदीवर तिथं जुना दगडी पूल आहे. कुलाबा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात त्याची नोंद आहे, की चौलच्या काझी अलाउद्दीन यांनी तो १५८० च्या सुमारास बांधला. माणसानं देऊळ बांधावं, मशीद बांधावी, पण पूल बांधला की त्यावरून सगळेच जातात. हे वाक्य मी एकदा भाषणात म्हटलं आणि टाळ्या मिळाल्या, म्हणून पुन्हा वापरलं.

आता खाण्याचं. मे महिन्यात मित्राला मी पोपटी खिलवू शकलो नाही, कारण ती थंडीतली गोष्ट. तो पुन्हा आला २०१९ च्या जानेवारीत, बायकोमुलांना घेऊन, तेव्हा खिलवली. ज्यांनी पोपटी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगतो. डिसेंबर-जानेवारीत वालाच्या शेंगा भरतात. त्याच वेळी बांधावर भांबुर्डा नावाचं रानटी झुडूप माजलेलं असतं, त्याच्या पाल्याला उग्र वास असतो. मातीचं मडकं घ्यायचं, तळाला हा पाला दाबून भरायचा, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मग मसाला चोळून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, अंडी, बटाटे, कांदे, पुन्हा शेंगा, आणि वर पाल्याचं घट्ट बूच. पाणी एक थेंब घालायचं नाही. मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, गवत, गोवऱ्या रचून पेटवायचं. अर्धा-पाऊण तास. झालं की नाही हे बघायला मडक्यावर पाण्याचा हबका मारायचा. चर्र झालं आणि पाणी क्षणात उडालं की काढायचं. मग कागदावर ओतायचं आणि सगळ्यांनी गोल बसून, बोटं भाजत खायचं. ताटं मागणाऱ्या पाहुण्याला आम्ही पोपटीला पुन्हा बोलावत नाही.

मित्राची मुलगी तेव्हा कॉलेजात होती. तिनं विचारलं, ‘चाचा, पाणी न घालता हे शिजतं कसं?’ मी सांगणार होतो की शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलाव्यावर, वाफेवर शिजतं. पण तिचा बापच मध्ये म्हणाला, ‘लातूरच्या पोरीनं हे विचारायचं?’

मे महिन्यातल्या त्या पहिल्या भेटीतलं एक मात्र सांगायचं राहिलं. मी त्याला सोडायला रोहा स्टेशनावर गेलो होतो. मध्य रेल्वेची हद्द इथं संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते, त्यामुळे हे स्टेशन धड शेवट नाही आणि धड सुरुवात नाही. दिव्याची गाडी लागलेली होती. मी म्हटलं, ‘आता मी लातूरला कधी येऊ?’

तो म्हणाला, ‘पावसाळा होऊ दे. मे-जूनमध्ये येऊ नको. पाहुण्याला अंघोळ कर म्हणायची लाज वाटते.’

मी ऑक्टोबरात गेलो. त्या वर्षी मराठवाड्यात पाऊस चांगला झाला होता. गाडीतून उतरलो तसा तो मला घरी न नेता मोटारसायकलवर बसवून थेट धनेगावला घेऊन गेला, मांजरा धरण दाखवायला. लोक सहकुटुंब आले होते, भिंतीवर रांगेनं उभे होते आणि नुसतं पाणी बघत होते. आम्हीही तासभर बघितलं. मग त्याच्या घरी जाऊन ज्वारीची भाकरी खाल्ली. बादली काठोकाठ भरून ठेवलेली होती.